आजारी मुलांनाही शिक्षण हमी पत्रक द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की आमच्या केज तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांत शिक्षण हमी पत्रके भरायची गडबड उडते. आई-बाप कोयत्यावर निघाले आणि मूल सोबत गेले, की कारखान्याजवळच्या शाळेने ते पत्रक पाहून त्याला वर्गात बसवायचे. परतल्यावर आम्ही पुन्हा. उणिवा पुष्कळ आहेत, फडावरचे प्रत्येक मूल शाळेत पोचतेच असेही नाही. पण मूल गावाबाहेर गेले तरी शिकण्याचा हक्क त्याच्यासोबत जातो, एवढे तरी सरकारने कागदावर मान्य केले आहे. उपचारासाठी गाव सोडावे लागलेल्या मुलाच्या हाती तेवढाही कागद नसतो, म्हणून हे पत्र. (नोकरीत असते तर लिहिण्याआधी दहादा विचार केला असता. आता निवृत्त आहे.)

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीला रक्ताचा कर्करोग निघाला. आई तिला घेऊन मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात गेली. बाप मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला अर्धा कोयता म्हणून (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस अर्धा) कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेला आणि थोरल्या मुलाला त्याने सोबत नेले. भावाजवळ हमी पत्रक होते. बहिणीबद्दल मुख्याध्यापक म्हणाले, "महिनाभर सलग गैरहजर राहिली की शाळाबाह्य मुलांत धरावी लागेल." त्यांचेही खोटे नव्हते, नियमच तसा.

या आजाराचे उपचार दोन-अडीच वर्षे तरी चालतात. सुरुवातीचे काही महिने फार कडक. मग रोजच्या गोळ्या आणि ठरावीक तपासण्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या की साध्या तापाचीही धास्ती. वर्गात कुणाला कांजिण्या निघाल्या तर या मुलांना घरीच ठेवावे लागते. पण मधल्या कितीतरी दिवसांत मूल चांगले हिंडते-फिरते असते, आणि कंटाळलेलेही असते. ही मुलगी दादरच्या धर्मशाळेतून फोन करायची तेव्हा तिची तक्रार दुखण्याची नसायची. "मॅडम, इथं ताई-दादा येतात, सारखं चित्रच रंगवायला देतात. भागाकार कुणीच शिकवत नाही." त्या ताई-दादांच्या मायेबद्दल मला आदरच आहे, पण पोरीचे म्हणणे रास्त होते. मग मी फोनवर उदाहरणे घालायची आणि आई वहीचे फोटो पाठवायची. पानावर एका बाजूला भागाकार, दुसऱ्या बाजूला आईने टिपलेल्या केमोच्या तारखा आणि पेशींचे आकडे. दोघींत वही एकच होती. हे झाले माझ्या हौसेने. मध्येच माझी बदली झाली असती तर?

कायदा काय म्हणतो तेही पाहिले. शिक्षणहक्क कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने घरी राहून शिकण्याचा पर्याय आला, पण तो तीव्र किंवा बहुविकलांग मुलांना. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यादीत घेतले, हे चांगलेच झाले. रक्ताचा कर्करोग त्या यादीत नाही. डायलिसिसवरचे मूल नाही. म्हणजे तालुक्याच्या गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक शेजारच्या वाडीवर एखाद्या दिव्यांग मुलाला शिकवायला जातात, पण मुंबईहून परतलेली आणि अजून वर्गात बसू न शकणारी ही मुलगी त्यांच्या कामात बसत नाही. त्यात पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, तीही गेली तर वर्ष तिथेच. ही परीक्षा तिने कुणाच्या शिकवण्यावर द्यायची?

कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा हे सगळे जमले होते, हे विसरू नये. अभ्यास मोबाइलवर गेला, पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ पालकांच्या पिशवीत पडली. सगळी मुले एकदम घरी बसली की वाट निघते. एकच बसले की पोषण आहाराच्या नोंदीतही त्याचा घास धरला जात नाही, आणि धड खाणे तर याच मुलाला सर्वांत जास्त हवे.

फार मोठी योजना मागत नाही. रुग्णालयाच्या पत्रावरून मूळ शाळेने मुलाला हमी पत्रक द्यावे. मोठ्या रुग्णालयांजवळच्या महापालिका शाळेतला एक शिक्षक धर्मशाळांत आणि वॉर्डात जाऊन शिकवण्यासाठी नेमावा, आणि त्याने केलेले मूल्यमापन गावच्या शाळेने मान्य करावे. मूल गावी परतल्यावर, ते वर्गात बसू लागेपर्यंत, विशेष शिक्षकाने आठवड्यातून एक-दोनदा घरी जावे. दिव्यांगत्वाचा दाखला नसला तरी.

दिवाळीच्या सुमारास पत्रके पुन्हा भरली जातील. शिक्षण विभागाने यंदा त्या नमुन्यात 'उपचारासाठी स्थलांतर' असा एक रकाना वाढवून पाठवला, तरी कितीतरी शाळांना नाव राखून ठेवायला आधार मिळेल.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, ता. केज, जि. बीड
(मुलीची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)