बेअरिंगला दोष देण्याआधी तेलाचा कप पाहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळ्यातील मासेमारी बंदीचे दिवस आले की मिरकरवाडा, हर्णै, देवगड, मालवण येथे ओढून घेतलेल्या नौका, त्यांची रंगरंगोटी आणि जाळ्यांची दुरुस्ती यांविषयी वर्तमानपत्रांतून सचित्र मजकूर येतो. १ जून ते ३१ जुलै या काळात किनाऱ्यावरचे बर्फाचे कारखानेही मंदावतात आणि नवे भात अजून शेतातच असल्याने भातगिरण्यांनाही थोडी उसंत असते. यंत्रांची मोठी कामे काढण्याचा हाच काळ. या कामांत नवी बेअरिंगे बसतात, बुश (फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, ज्यात फिरतो ती धातूची नळी) कातून घेतले जातात, पट्टे बदलले जातात. परंतु त्या बेअरिंगांपर्यंत तेल पोचवणारे जे लहानसे साधन, म्हणजे तेलाचा कप, यंत्रावर असते, त्याची विचारपूस कोणी करत नाही. त्याविषयी थोडे सविस्तर लिहावे, म्हणून हे पत्र.

बेअरिंग वर्षाच्या आत गेले की त्याचे खापर खाऱ्या हवेवर किंवा हलक्या मालावर फोडले जाते. खाऱ्या हवेचा त्रास खरा आहे आणि बाजारात नकली बेअरिंगे मिळतात, हेही नाकारण्याचे कारण नाही. पण जळालेला बुश काढून त्याचे तेलाचे भोक तारेने तपासले, तर ते कोंडा आणि जुने चिकट तेल यांच्या लगद्याने बुजलेले मला वारंवार आढळले आहे. कपाचे झाकण केव्हाच हरवलेले असते आणि त्याच्या जागी चिंधी कोंबलेली असते. अशा कपात कुपीने ओतलेले तेल आत न जाता बाहेरून ओघळते, पेडेस्टलवर, म्हणजे बेअरिंगच्या बैठकीवर, चकाकते, आणि तेल भरपूर आहे असा मालकाचा समज होतो. आत शाफ्ट कोरडाच फिरत असतो.

आपल्या भागातील जुन्या यंत्रांवर तेल देण्याची जी साधने अजून टिकून आहेत, त्यांचे स्वभाव वेगवेगळे आहेत आणि ते ओळखले नाहीत तर चांगले साधनही निरुपयोगी ठरते. काचेच्या थेंब-कपात वरच्या कळीने सुईसारखा व्हॉल्व्ह उचलला जातो आणि खालच्या खिडकीतून थेंब पडताना दिसतात. मिनिटाला किती थेंब, हे फिरकीने ठरवता येते. मात्र हा हिशोब कपातील तेलाची पातळी आणि हवेतील उष्णता यांवर हलतो. मे महिन्याच्या दुपारी पातळ झालेले तेल भराभर उतरते, पौषातल्या पहाटे तेच तेल अडून बसते, त्यामुळे एकदा लावलेली फिरकी वर्षभर तशीच ठेवणे चुकीचे आहे. दुसरे साधन वातीचे. लोकरीच्या धाग्यांची वात समईतल्या वातीसारखी तेल वर ओढते आणि नळीतून पलीकडे बेअरिंगवर सोडते. तेल गाळण्याचे कामही तीच करते, कारण कचरा कपातच राहतो. तिसरे साधन उलट्या बाटलीचे. तिच्या तोंडातील सैल दांडी थेट शाफ्टवर टेकलेली असते, शाफ्ट फिरू लागला की ती थरथरते आणि तिच्या कडेने तेल उतरते. शाफ्ट थांबला की तेलही थांबते. चौथी म्हणजे कडी. शाफ्टपेक्षा मोठ्या व्यासाची सैल कडी शाफ्टवर लोंबकळते, तिचा खालचा भाग तेलाच्या कुंडात बुडालेला असतो आणि शाफ्टबरोबर सावकाश फिरत ती तेल वर आणत राहते. पट्ट्यांनी अनेक यंत्रे चालवणाऱ्या जुन्या लाइन शाफ्टच्या पेडेस्टलमध्ये आणि जुन्या मोठ्या मोटारींत ही कडी अजून दिसते.

यांपैकी कोणते कोठे बसवावे, हे ठरवताना आपल्याकडची वीज लक्षात घ्यावी लागते, आणि माझ्या मते हाच मुद्दा सर्वांत दुर्लक्षित राहिला आहे. पावसाळ्यात वीज दिवसातून अनेकदा जाते. वीज गेली की यंत्र थांबते, पण थेंब-कप थांबत नाही, कारण त्याची कळी कोणीतरी हाताने पाडावी लागते. वातही उचलून ठेवली नाही तर तेल ओढतच राहते. गिरणीवाला बाहेर ओटीवर येऊन बसतो, तासाभराने वीज येते, मोटार चालू होते, आणि तोवर कप रिकामा होऊन सारे तेल जमिनीवर गेलेले असते. त्यानंतरचे काही तास बेअरिंगच्या वाट्याला काहीच नसते. जेथे वीज बेभरवशाची आहे आणि यंत्रावर पूर्णवेळ माणूस नाही, तेथे उलटी बाटली किंवा कडीचे पेडेस्टल अधिक योग्य, कारण ही दोन्ही साधने शाफ्टच्या फिरण्यावरच चालतात. कडीला मात्र आडवा आणि सपाटीतला शाफ्ट लागतो, आणि फार सावकाश फिरणाऱ्या शाफ्टवर ती पुरेसे तेल उचलत नाही. डुलणाऱ्या नौकेवर तिचा भरवसा धरू नये.

दुसरी बाब पाण्याची. झाकण नसलेल्या कपात पागोळ्यांचे शिंतोडे पडतात, दमट हवेतले पाणी थंड धातूवर जमते, आणि तेलापेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसते. वातीचे टोक नेमके तळाशीच टेकलेले असते. ओली झालेली लोकर तेल नीट ओढत नाही. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर वात काढून पूर्ण वाळवावी, स्वच्छ कोमट तेलात मुरवावी आणि मगच परत बसवावी. कपाचे तळही पुसून घ्यावे. तेल दुधासारखे पांढुरके दिसू लागले तर त्यात पाणी मिसळलेले आहे असे समजून ते काढून टाकावे, त्यात वरून नवे तेल भरू नये.

तेल कोणते वापरावे, यावर फार लिहीत नाही. इंजिनातून काढलेले काळे तेल बुशांना घालण्याची सवय किनाऱ्यावर सर्वत्र आहे, पण त्या तेलात काजळी, धातूची भुकटी आणि डिझेलचा अंश असतो. ते वातीतून आणि सुईच्या व्हॉल्व्हमधून नीट उतरत नाही, आणि पिठाच्या किंवा भाताच्या गिरणीत ते धान्याजवळ येणे हा आरोग्याचा प्रश्न आहे. खोबरेल तेल शिलाई यंत्रात घालणारेही पुष्कळ आहेत. सुमारे २४ अंशांखाली ते गोठते, एवढे सांगितले तरी पुरे.

आता भोकाविषयी. बुशाला तेलाचे भोक वरच्या बाजूला पाडायचे, ही आपल्याकडच्या टर्नरची, म्हणजे लेथवर बुश कातणाऱ्या कारागिराची, ठरलेली पद्धत आहे आणि बहुतेक ठिकाणी ती बरोबरही असते, कारण शाफ्टचे वजन खाली असते. परंतु १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर यांनी यंत्र अभियंत्यांच्या संस्थेसाठी रेल्वेच्या आखांच्या बेअरिंगवर जे प्रयोग केले, त्यांत भार वरच्या अर्ध्या बुशावर होता आणि शाफ्टचा खालचा भाग तेलात बुडालेला होता. तेल घालण्यासाठी त्यांनी बुशाला वरून भोक पाडले, तर आत जाण्याऐवजी त्यातून तेलच वर येऊ लागले. बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी दाबमापक लावला तेव्हा काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला. फिरणारा शाफ्ट स्वतःच तेल पाचरीसारखे आपल्या आणि बुशाच्या मधे ओढून घेतो आणि त्या पातळ थरावर तरंगतो, याचे गणित ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडले. अर्थात जेथे भार आहे तेथे तेलाचा दाब सर्वाधिक, आणि तेथेच भोक पाडले तर कपातले तेल आत जाणे शक्य नाही.

याचा आपल्या गिरणीशी संबंध असा की, ज्या जुन्या भातगिरण्यांत लाइन शाफ्ट छताजवळ आहे, तेथे खालच्या यंत्राची पुली पट्ट्याने वर ओढली जाते. ही ओढ त्या यंत्राचा शाफ्ट आणि पुली यांच्या वजनाहून जास्त झाली की भार बुशाच्या वरच्या भागावर येतो, आणि त्याच भागावर टर्नरने भोक पाडलेले असते. मालक कप बदलतो, तेल बदलतो, बुश पुन्हा ओततो, आणि तो पुन्हा जळतो. अशा ठिकाणी पट्ट्याची दिशा पाहून भोक भार नसलेल्या बाजूला घ्यावे आणि आतून शाफ्टच्या लांबीला समांतर खाच मारावी. ती खाच बुशाच्या दोन्ही टोकांच्या थोडी अलीकडे थांबवावी, नाहीतर तेल टोकांतून वाहून जाते. नवा बुश करायला देताना मालकाने टर्नरला पट्टा कोणत्या बाजूला ओढतो एवढे सांगितले, तरी एक मोठा खर्च वाचतो. दुकानात नुसता जुना बुश नमुना म्हणून पाठवला की चूक जशीच्या तशी उतरते.

बंद झाकणाच्या बॉल बेअरिंगांनी हे सारे प्रश्न संपवले, असे मला तरुण मिस्त्री सांगतात. हलक्या आणि वेगाने फिरणाऱ्या पंख्यांना, पंपांना ती बेअरिंगे उत्तम, यात वाद नाही. परंतु जड, सावकाश फिरणाऱ्या शाफ्टवर आणि ट्रॉलरच्या जाळे ओढणाऱ्या विंचवर बुश अजून आहेत आणि राहतील. निपल (ग्रीस भरण्याचे तोंड) असलेल्या बेअरिंगांतही दुसऱ्या टोकाचा अतिरेक चालतो; ग्रीस गनने बाहेर येईपर्यंत ग्रीस भरले जाते, आणि वेगाने फिरणारे बेअरिंग ते घुसळून तापते. आतील मोकळ्या जागेच्या एकतृतीयांश ते निम्मी जागा भरली की सामान्यतः पुरते. गन लावण्यापूर्वी निपल पुसला नाही तर त्यावरची वाळू आणि मीठ आपणच दाबाने आत ढकलतो. नौकांच्या बाबतीत एक वेगळीच गंमत आहे: नारळी पौर्णिमेपूर्वी विंचला इतका मनापासून ऑइल पेंट दिला जातो की निपल आणि तेलाची भोके रंगाखाली गडप होतात, आणि हंगामभर त्यांची आठवण कोणाला होत नाही.

राहिला प्रश्न चालू यंत्राला हाताने तेल घालण्याचा. वाफेच्या इंजिनाला आपोआप तेल पोचवणाऱ्या साधनाचे पेटंट अमेरिकेत १८७२ मध्ये घेणारे इलायजा मॅकॉय हे गुलामगिरीतून पळून कॅनडात आलेल्या कृष्णवर्णीय आईवडिलांचे पुत्र. एडिंबरोला यंत्रविद्या शिकूनही त्यांना मिशिगन सेंट्रल रेल्वेत कोळसा टाकण्याचे आणि तेल घालण्याचेच काम मिळाले. तेल घालणाऱ्याचे कष्ट ज्याने स्वतः सोसले, त्याच्याच हातून हे साधन घडले, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २२ ने चालू यंत्राला तेल घालण्याचे काम घट्ट कपडे घातलेल्या, खास प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारापुरते मर्यादित केले, आणि चालू इंजिनाला व फिरत्या शाफ्ट-पट्ट्यांना स्त्रिया व अल्पवयीन यांनी तेल घालण्यास मनाई केली. कामगारसंख्या कमी असलेल्या गिरण्या अशा कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात, आणि तेथेच लुंगी नेसलेला माणूस किंवा शाळेतून आलेला मुलगा हातात कुपी घेऊन फिरत्या पट्ट्यावरून वाकलेला दिसतो. शाफ्टच्या कॉलरमधून बाहेर आलेला एक स्क्रू कपडा गुंडाळून घ्यायला पुरेसा असतो. कप पट्ट्यापासून दूर बसवून तांब्याच्या बारीक नळीने तेल बेअरिंगपर्यंत नेता येते, ही सोय कोणताही फिटर अर्ध्या दिवसात करून देईल, आणि कप भरण्याचे काम यंत्र बंद असतानाच उरकता येईल.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी फिटरच्या विद्यार्थ्यांना ही जुनी साधने उघडून, साफ करून, थेंब मोजून दाखवावीत, आणि मच्छीमार सहकारी संस्थांनी बंदी उठण्यापूर्वीच्या आठवड्यात विंच व शाफ्टचे निपल खरवडून मोकळे करून घ्यावेत, अशी विनंती आहे. थेंब-कपाच्या सुट्या काचा आणि लोकरीच्या वाती आमच्या तालुक्यात मिळत नाहीत, त्या कोल्हापूरहून मागवाव्या लागतात. काच फुटली की संपूर्ण कप फेकून त्या जागी बोळा कोंबला जातो, त्याचे कारण बहुधा हेच. किनाऱ्यावरील कोणा हार्डवेअर दुकानदाराकडे हा सुटा माल असेल, तर त्याने आपल्या दैनिकातून तसे कळवावे. गिरणीवाले आणि नौकामालक त्याच्याकडे जरूर येतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त यंत्रदुरुस्ती कारागीर
देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग