गृहभेट कशी करायची, हे कुणी शिकवायचं?

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या एका गावापासून सुरुवात करते. डिसेंबरात नऊ वर्षांचा एक मुलगा बसस्थानकावर एकटा सापडला आणि बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांनी कुठे राहायचं हे ठरवणाऱ्या समितीपुढे, आला. घरची परिस्थिती पाहायला गृहभेटीला गेलेल्या नव्या कार्यकर्तीने अहवालात लिहिलं, 'घराला कुलूप. पालकांचे दुर्लक्ष. संस्थेत ठेवावे.' संस्थेत म्हणजे बालगृहात. कुलूप खरंच होतं. आईबाप मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला ऊसतोडीवर गेले होते आणि आजी दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत होती.

दुसऱ्या भेटीला मी गेले. फाइल पिशवीतच ठेवली, ओट्यावर बसले, दिलेलं पाणी प्याले. मी कोण, कशासाठी आले आणि त्या जे सांगतील ते कुठे लिहिलं जाईल, एवढं आधी सांगितलं. पोरगं कायमचं न्यायला आलेत, असं धरूनच आजी बसल्या होत्या. मग विचारलं, 'तो रुसला की कुठे जातो?' तेव्हा बांध फुटला. तो आईकडे निघाला होता. कारखाना कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, एसटी तिकडे जाते एवढंच माहीत. गावातच आत्या होती, रोज संध्याकाळी जेवू घालणारी. तिचं नाव पहिल्या अहवालात कुठेच नव्हतं.

मुलगा तीन आठवड्यांनी घरी गेला. ते तीन आठवडे त्याला संस्थेत काढावे लागायला नको होते.

त्या कार्यकर्तीला मी दोष देत नाही. कंत्राटावर लागून तिला दोनच महिने झाले होते. प्रशिक्षणात कलमं सांगितली, नमुने भरायला शिकवलं. घाबरलेल्या माणसाशी बोलायचं कसं, हे कुणीच दाखवलं नव्हतं.

बाल न्याय अधिनियम, २०१५ म्हणतो की संस्था हा शेवटचा उपाय. मुलाच्या घरची सामाजिक तपासणी, जिच्यासाठी ही गृहभेट असते, ती १५ दिवसांत पूर्ण व्हायला हवी आणि समिती पुढचा निर्णय त्या अहवालाच्या आधारे घेते. म्हणजे मुलाचं घर राहतं की सुटतं, ते बरंचसं त्या ओट्यावरच्या तासाभरात ठरतं. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल घरीच राहावं म्हणून मदतीचे, महिन्याला ४,००० रुपये आहेत, आपली बाल संगोपन योजना आहे. पण घराला नेमकी कशाची गरज आहे, हे कळायला आधी त्या घरात नीट बसावं लागतं. गरिबीला दुर्लक्ष म्हणून नोंदवलं, की मदतीच्या जागी ताटातूट होते.

उलटंही होतं, आणि ते जास्त भयंकर. काका दारात उभा असताना मुलगी 'सगळं बरं आहे' म्हणते आणि आपण तसंच लिहून परततो. मुलाशी एकट्याने बोलायला हवं, त्याच्या गप्प बसण्यालाही वेळ द्यायला हवा. 'मी कुणाला सांगणार नाही' असं वचन कधीच देऊ नये, कारण लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. वचन मोडलं की मूल पुन्हा तोंड उघडत नाही. हे मी चुका करून शिकले. त्या चुकांची किंमत मुलांनी मोजली, याची बोच अजून आहे.

म्हणून मागणं आहे. नव्या कार्यकर्तीच्या पहिल्या किमान दहा गृहभेटी अनुभवी व्यक्तीसोबत व्हाव्यात, आणि परतीच्या वाटेवर दोघींनी त्या भेटीवर बोलावं. जिल्हा बाल संरक्षण कक्षात पंधरवड्यातून एकदा केसवर चर्चा व्हावी, जिथे 'माझं चुकलं' म्हणायला भीती वाटणार नाही. कुलूप दिसलं तर दुसरी भेट सक्तीची करा आणि तिचा प्रवासखर्च आधी द्या. पदरच्या पैशाने दोनदा कुणी जात नाही, जाऊ शकत नाही.

दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पुन्हा निघतील, घरांना पुन्हा कुलपं लागतील. निदान ऊसतोडीच्या जिल्ह्यांत हे त्याआधी सुरू करा.

आपली नम्र,
एक निवृत्त परिविक्षा अधिकारी