आईचं पोट ऐकणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,
सा. न. वि. वि.

गेल्या ऑगस्टमधली ती संध्याकाळ. म्हात्रे पुलाजवळचा तुमचा दवाखाना, नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव रंगात आलेला, आणि बाकावर पोट धरून बसलेली माझी आई. सकाळपासून कळा आणि उलट्या. ओवा झाला, हिंग लावून झालं. दुपारी एका ठिकाणी दाखवलं, तर पोटाला हातही न लावता गॅसची गोळी दिली.

तुम्ही आधी नुसतं पाहिलंत. पोट फुगलेलं, बेंबीखाली पिशवीच्या ऑपरेशनचा २० वर्षांचा व्रण. मग खिडकी लावलीत, पंखा बंद केलात, स्टेथोस्कोपची चकती तळहातात धरून कोमट केलीत आणि ऐकत राहिलात. दोन-तीन मिनिटं तरी. मी मनातून चिडले होते, की हे दाबून का बघत नाहीत? ते तुम्ही नंतर सांगितलंत: आधी दाबलं तर आतड्याची हालचाल बदलू शकते, म्हणून पोटाच्या बाबतीत आधी कान, मग हात. चांगल्या पोटात मिनिटाला साधारण ५ ते ३० वेळा गुडगुडतं. आईला कळ आली की मात्र बारीक, उंच टिणटिण यायची.

"हा गॅस वाटत नाही. आतडं कुठेतरी अडलंय. पाण्याचा घोटही देऊ नका, आत्ताच ॲडमिट करा." जुन्या ऑपरेशनमुळे आतडी आत चिकटतात आणि इतक्या वर्षांनीही त्रास देऊ शकतात, हे आम्हाला कुणाला माहीत होतं? आणि तुम्ही लगेच म्हणालात, "नुसत्या कानावर विसंबायचं नाही, एक्स-रे हवाच." तो मोकळेपणा मला फार धीर देऊन गेला.

उभं करून काढलेल्या एक्स-रेत हवा-पाण्याच्या पातळ्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसल्या. नाकातून नळी, सलाईन, कडक उपास. तिसऱ्या पहाटे वारा सरला, तेव्हा आईने मला हलवून उठवलं आणि बारशाचं आमंत्रण द्यावं तशी ती बातमी सांगितली. ऑपरेशन टळलं.

आठवड्याने दाखवायला आलो, तेव्हा तुम्ही स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावलात. आत मंद आचेवर वरण रटरटावं तसा आवाज. आई विचारत होती, "काय ऐकू येतंय गं?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्या दिवशी तुम्हाला वाकून नमस्कार केला आणि निघाले. बोलायचं राहिलंच.

डॉक्टर, मनापासून आभार. आईने तुमच्यासाठी मेतकूट केलंय, रविवारी घेऊन येते.

आपली नम्र,
त्या पेशंटची मुलगी