घरच्या बीपी यंत्राची शिकवणी

संपादक महोदय,
सासूबाईंचं बीपी मोजायला घरी यंत्र आणलं, पण आकडा दर वेळी वेगळा. आत्ता १६०, तर थोड्या वेळाने १३८. यंत्रच खराब आहे म्हणून दुकानदाराशी वाद घालून आले. चूक आमचीच निघाली. नाशिकच्या थंडीत स्वेटरच्या बाहीवरून, गप्पा मारत मोजत होतो!

दवाखान्यातल्या सिस्टरनी नीट शिकवलं: पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर आणि दंड छातीच्या पातळीत. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून वहीत लिहायचं. आधी अर्धा तास चहा नाही (सासूबाईंच्या मते हीच अट जाचक). आता हे काम सातवीतल्या नातवाकडे आहे. आजी बोलू लागली की तो ओठांवर बोट ठेवतो.

‘ज्ञानगंगा घरोघरी’ म्हणणारं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच गावात आहे. त्यांनी आणि महापालिकेच्या दवाखान्यांनी मिळून रविवारी तासभर असे घरगुती धडे द्यावेत. यंत्रं आम्ही आपापली आणू.

– एक गृहिणी, सिडको, नाशिक