बिडीबाबाची पावती

सातारा, ६ जुलै

प्रिय बाळ्या,

सात महिने पत्र नाही, फोन नाही, तुझा वाढदिवसही गिळला. शिव्या आधी घालून घे, मग पुढे वाच. माझी साखर जरा वाढलीय, आईचे गुडघे आहेत तसेच. झालं.

मागच्या महिन्यात आपल्या घाटातून गेलो. आईचा वेतोबाचा जुना नवस होता, म्हणून तिला घेऊन आरवलीला चाललो होतो. मागच्या सीटवर केळ्यांचा घड आणि देवाच्या त्या भल्यामोठ्या चपला. देव रात्री गावाभोवती फिरतो, म्हणून चपला झिजतात, म्हणून नव्या वाहायच्या. कातड्याच्या वासानं आई अर्ध्या वाटेत मळमळली, पण काच खाली करू देईना. देवाच्या वस्तूला नाक मुरडायचं नाही म्हणे.

तर चौथं वळण. जिथे ९७ साली तुझ्या यामाहाची क्लचवायर तुटली होती (पैसे मी दिले होते, अजून यायचेत). तिथे तीन-चार गाड्या उभ्या. मला वाटलं दरड आली. उतरून बघतो तर देऊळ! चार खांब, वर पत्रा आणि मध्ये आपला दगड. आपला, बाळ्या! तोच बुटका, डावीकडे टेंगूळ आलेला, ज्यावर तू पावसात जळती बिडी ठेवली होतीस. आता शेंदूर फासलाय, डोळे बसवलेत. पुढ्यात वाळू भरलेला पत्र्याचा डबा आणि त्यात उदबत्त्या खोचाव्यात तशा बिड्या, काही अजून धुमसत होत्या. बिड्यांचे दोरे सोडवून दगडाच्या गळ्यात गुंडाळलेत. कुणीतरी ट्रकचा आरसा वाहिलाय. त्यात माझंच तोंड दिसलं.

टपरीवरचं ते पोरगं आठवतं का, ग्लास विसळायचं सोडून तुझ्या तोंडाकडे बघत बसलेलं? ते आता पस्तिशी ओलांडून गेलंय, पोट सुटलंय, नारळ आणि बिडीबंडलं विकतंय. त्यानंच मला गोष्ट सांगितली. ब्रेक फेल झालेला ट्रक, समोरून भरलेली एसटी, ड्रायव्हरनं ट्रक डोंगरावर घातला, एसटी वाचली, तो गेला, आता रात्री बिडी मागतो. शब्द न शब्द आपला. (ड्रायव्हर तुझा, बिडी माझी. ह्यावर भांडून झालंय. पण एसटी नक्की माझी.) पुढची भर मात्र त्याची. एकदा पावसात फटफटीवरून दोन पोरं आली, त्यांना बाबांनी दर्शन दिलं. "त्यातलं एक परत आलंच नाही," म्हणाला.

मला हसू आलं होतं. मग तुझं न्यू जर्सी आठवलं.

"साहेब, आधी कधी आला होतात इकडे?" मी म्हटलं, नाही. म्हणजे त्याच माणसाशी, त्याच जागी, दुसऱ्यांदा खोटं. तेव्हापासून झोप नीट नाही. खरं सांगून टाकायला हवं होतं का? तो म्हणाला, गेल्या पावसाळ्यात एक टेम्पोवाला बिडी लावायला थांबला आणि पुढच्या वळणावर दगड कोसळले. हे मी कसं खोडू? आणि खरं सांगायचं तर त्या आंधळ्या वळणावर आता सगळे वेग कमी करतात.

बोरघाटात शिंगरोबाला एसटीच्या खिडकीतून नाणी टाकायचो, तेव्हा तू कागद मागायचास. धनगरानं गोऱ्या साहेबाला घाटाची वाट दाखवली, बक्षीस म्हणून 'आमचा देश सोडा' असं मागितलं आणि गोळी खाल्ली, ह्याला पुरावा काय? १८६३ साली रेल्वे घाट चढली, २५ बोगदे खोदले, त्याचे कागद आहेत, धनगराचा का नाही? मी म्हणायचो, धनगराचा कागद ठेवणार कोण! चांगला मुद्दा होता, अजूनही आहे. पण शिंगरोबा ज्यांनी सांभाळला त्यांची माणसं त्या घाटात मेलेली. आपल्या ड्रायव्हरमागे काय आहे? एक तुटलेली वायर आणि दोन रिकामटेकडे. ह्याच्यावर मी अडकलोय.

शिवापूरलाही तू असाच माझा विरस केला होतास. अकरा जण एकेक बोट लावून, कमर अली दरवेशांचं नाव घेऊन दगड उचलतात, आणि तू वजनाला अकरानं भागत बसलास. बोट तुझंही होतंच की त्यात!

परत येताना वाट वाकडी करून देवाचं गोठणंला गेलो, राजापूर तालुक्यात. कातळात कोरलेल्या माणसाजवळ होकायंत्र ठेवलं, तर काटा भलतीकडेच. जांभ्यातलं चुंबकत्व, हे मला कळतं. यंत्र तुझंच होतं, परत मागू नकोस.

हो, आईनं घाटात बिडी मलाच पेटवायला लावली. सहा वर्षांनी एक झुरका मारला, देवासाठी.

तुझी नवी नोकरी कशी आहे? वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? पोरीचं मराठी सुटू देऊ नकोस. डिसेंबरात नक्की ये, घाटात जाऊ, त्याला सांगायचं की नाही ते तिथेच ठरवू.

शिखर बांधायचंय म्हणून त्यानं पावतीपुस्तक पुढे केलं. ५०१ दिले. "नाव काय घालू?" तुझं घातलं. पावती सोबत जोडली आहे. क्लचवायर धरून हिशेब कर.

तुझा,
सुन्या