चप्पलच्या आकाराचा बाक नको, आमचा कट्टा परत द्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पेठेपेठेत सांस्कृतिक भवन बांधण्याबद्दलचा तुमच्या कालच्या अंकातला लेख दोनदा वाचला. एकदा चहाबरोबर आणि एकदा चहा गार झाल्यावर. लिहिणाऱ्याची तळमळ खरी असेल, मी नाही म्हणत नाही. पण सोबत जे चित्र छापलंय त्यावरनं आमच्या घरात सकाळीच वाद झाला. दर्शनी भागाला महिरपी कमानी, भिंतीवर पैलवानांचं म्युरल आणि दारात कोल्हापुरी चप्पलच्या आकाराचा सिमेंटचा बाक. आता चप्पलवर बसायचं? आमच्याकडं चप्पल बाहेर काढून तालमीत जातात साहेब, तिच्यावर बसत नाहीत.

मी आर्किटेक्ट नाही. वर्कशॉपमध्ये नोकरी करून रिटायर झालेला माणूस आहे, त्यामुळं 'स्थानिक परंपरेशी संवाद साधणारी वास्तू' वगैरे भाषा मला जमणार नाही. पण असा संवाद साधलेली एक वास्तू आमच्या पेठेतली जुनी तालीम पाडून बांधलीय, ती तीन वर्षं उभी आहे आणि तिच्यात काय चालतं ते मी रोज बघतो म्हणून लिहितोय. तालमीचं नाव लिहीत नाही, उगाच पोरं घरी येतील.

जुनी तालीम बाहेरनं बघितली तर फोटो काढण्यासारखं काहीच नव्हतं. दगडी जोतं, वर कौलं, पुढं कट्टा. दार एवढं बुटकं की भलाभला माणूस वाकूनच आत जायचा. माझा मेव्हणा मुंबईचा, लग्नानंतर पहिल्यांदा आला तेव्हा ताठ मानेनं आत शिरायला गेला आणि कपाळावर टेंगूळ घेऊन बाहेर आला, अजून सांगतो तो. आत अंधार, खिडक्या वर छताजवळ आणि त्यापण लहान, कारण घामेजल्या अंगाला वारं लागू नये. हौदा, म्हणजे कुस्तीच्या मातीचा खड्डा, दोन पायऱ्या खाली. त्यातल्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर घालून ती दर काही दिवसांनी खणायची, आणि तो वास नाकात गेला की झोपेतला माणूस पण जोर मारायला उठावा. समोरच्या भिंतीला मारुती आणि डाव्या अंगाला पंजाचा, म्हणजे मोहरमच्या हाताच्या आकाराच्या निशाणाचा, कोनाडा.

कोनाड्याचं जरा सांगतो, कारण तुमच्या लेखात तालमीचा उल्लेख 'व्यायामशाळा' म्हणून एका ओळीत उरकलाय. कोल्हापुरातल्या कितीतरी तालमीत मोहरमला पंजे बसतात आणि बसवणारे, खांद्यावर घेणारे, भेटीला नेणारे बहुतेक हिंदू घरातले असतात. आमच्या घरातनं मलिदा जायचा, अजून जातो. 2018 आणि 2019 ला गणपती आणि मोहरम एकत्र आले, तीसबत्तीस वर्षांनी एकदा येणारा योग, तेव्हा एकाच छपराखाली इकडं गणपती तिकडं पंजा, एका बाजूला आरती आणि दुसऱ्या बाजूला ऊद. कुणाला त्यात विशेष काही वाटलं नाही, गर्दी तेवढी आवरत नव्हती. म्हणजे ती खोली एकाच वर्षात आखाडा होती, देऊळ होती, पीर होती आणि रात्री नऊनंतर राजकारणाचा अड्डा होती, आणि यातल्या एकाही कामासाठी तिला कुणी 'बहुउद्देशीय' म्हटलं नव्हतं.

मग निधी आला.

डिझाईन दाखवायची मीटिंग तालमीतच झाली, भिंतीला पांढरी चादर लावून प्रोजेक्टरवर. पडद्यावर झाडं, गोरी गोरी माणसं हातात कॉफीचे कप घेऊन फिरतायत, आमच्या पेठेत कॉफी कोण पितंय देव जाणे. सगळं दाखवून झाल्यावर मी विचारलं, हौदा कुठं गेला? तर तो तरुण मुलगा, चांगला नम्र होता हो, म्हणाला, काका मल्टिपर्पज हॉल आहे, फ्लोअर लेव्हल केलंय, मॅट अंथरली की झालं. कोनाड्याचं विचारलं तर म्हणाला, देऊ ना, लाइटिंगसकट देऊ. दिला पण. पण तो निघाला ट्रॉफ्यांचा शोकेस, आडवा, अर्धा फूट खोल, त्यात पंजा उभा राहीना. पहिल्या मोहरमला पंजा प्लास्टिकच्या टेबलावर बसवला आणि टेबल नेमकं एसीखाली, कत्तलरात्रीला वरनं थेंब थेंब पाणी गळतंय आणि एक पोरगं ताट धरून उभं आहे. हे मी डोळ्यानं बघितलंय.

आता सगळ्यात वाईट गोष्ट. पाडापाडी सुरू झाली तेव्हा कॉन्ट्रॅक्टरचा माणूस वस्तादांना म्हणाला, मामा ही माती नेताय काय, नाहीतर भर म्हणून वापरतो. वस्ताद ऐंशीच्या घरातले, त्यांच्याही वस्तादांनी मळलेली ती माती, कितीजणांचा घाम त्यात जिरलाय त्याचा हिशेब नाही. दुसऱ्या तालमीतनं ट्रॉली येईपर्यंत दोन दिवस थांबा म्हणालो आम्ही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतोय तर जेसीबीनं सारखी करून वर मुरूम टाकलेला. तिथं आता पार्किंग आहे. माझी स्कूटर पण तिथंच लागते. वस्ताद त्या दिवसापासनं त्या बाजूनं येत नाहीत, मागच्या बोळातनं जातात.

आणि कट्टा. कट्ट्याच्या जागी ग्रॅनाईट लावलेला उतार आहे, स्वच्छता राहावी म्हणून. बसलं की घसरतंय. आमची सगळी म्हातारी मंडळी आता समोरच्या पंक्चरवाल्याकडं टायरवर बसतात. एवढे पैसे घालून बांधलेल्या भवनापेक्षा पंक्चरवाल्याकडं सांस्कृतिक कार्यक्रम जास्त होतात, हे मी गंमत म्हणून लिहीत नाही.

जुन्यात सगळं सोनं होतं असं म्हणणं नाही. कौलं गळायची, संडास नव्हता, आणि बायकांनी उंबऱ्याच्या आत यायचं नाही हा नियम होता. माझी नात कुस्ती खेळते, ती या नव्या हॉलमध्येच मॅटवर सराव करते, जुन्या तालमीत तिला दारातनंच परत पाठवलं असतं. हे पत्र लिहिताना तीच मागं उभी राहून म्हणाली, आजोबा हे पण लिहा. लिहिलं. वर अभ्यासिका आहे, तिथं दहावी-बारावीची पोरं बसतात, तेही चांगलंच. पण मॅटला जागा देण्यासाठी हौदा बुजवायलाच हवा होता का? संडास बांधायला कट्टा मोडावा लागतो का? एक खोली मातीची आणि एक मॅटची ठेवली असती तर काय बिघडलं असतं, जागा होती, पार्किंगला निघालीच की.

लेखात शाहू महाराजांचं नाव चारदा आलंय म्हणून विचारतो. महाराज 1902 ला विलायतेला गेले, त्या दौऱ्यात रोमचं मैदान बघितलं आणि 1912 ला खासबाग कुस्ती मैदान उभं केलं. त्यांनी तिथले खांब आणि कमानी उचलून आणल्या का? त्यांनी उचलली ती बसायची जुळणी, की कुठंही बसा, मध्यातली कुस्ती दिसलीच पाहिजे. आखाडा मात्र लाल मातीचाच ठेवला. त्याच्याच पाठीला पाठ लावून 1915 ला पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. कुस्ती आणि नाटक शेजारी शेजारी, कारण दोन्हीला येणारं पब्लिक एकच. माणसं काय करतात ते आधी बघायचं आणि मग भिंती घालायच्या, एवढं साधं ते. तुमच्या चित्रात मात्र आधी भिंती आहेत आणि त्यावर माणसं रंगवलीयत.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते नाट्यगृह जळलं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी त्या रात्री गर्दीत उभा होतो, शेजारी बाप्ये ढसाढसा रडत होते आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, होतं तसं बांधा. बरोबरच आहे. पण आमची तालीम आग न लागता गेली, नारळ फोडून, हार घालून, पेढे वाटून गेली, त्यामुळं रडायला कोण आलं नाही. पेढा मी पण खाल्ला, खोटं कशाला बोलू.

तेव्हा तुमच्या लेखकाला एवढंच सांगा की पुढचं चित्र काढायच्या आधी एक आठवडा आमच्या पेठेत येऊन राहा. पहाटे साडेचारला या, संध्याकाळी या, मोहरमला या, फुटबॉलच्या फायनलनंतर या. जेवणाची सोय माझ्याकडं, आणि बसायला टायर आहेत.

आपला,
एक जुना वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. फुटबॉलवरनं आठवलं. पेठेच्या परंपरेला तुम्ही अर्धं पान देता आणि शाहू स्टेडियमवरच्या मॅचची बातमी आठव्या पानावर चार ओळीत, त्यातपण गेल्या आठवड्यात गोल करणाऱ्या पोराचं आडनाव चुकीचं छापलंत. त्याच्या आईनं ते कात्रण पेनानं दुरुस्त करून फ्रेम केलंय. निदान दुरुस्ती तरी छापा.