'अस्वच्छता' म्हणून प्रश्न मिटत नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पावसाळ्यातील त्वचाविकारांवरील वृत्त वाचले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत या दिवसांत गजकर्ण, खरूज आणि चिखल्या यांचे रुग्ण वाढतात, हे खरेच आहे. परंतु त्याचे कारण म्हणून 'अस्वच्छता' एवढा एकच शब्द छापून आपण थांबलात, याचा मला मनस्वी राग आला.

माझा मुलगा शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत भट्टीसमोर काम करतो. दोन वेळा अंघोळ करणाऱ्या या मुलाला, घामाने भिजलेले कपडे दिवसभर अंगावर राहिल्यामुळे, गेल्या वर्षी जांघेत गजकर्ण झाले. जवळच्या औषध दुकानदाराने चिठ्ठी न मागता मलमाची ट्यूब हातावर ठेवली. दोन दिवसांत खाज थांबली आणि आम्ही निर्धास्त झालो. लावणे बंद करताच ते पुन्हा उफाळले, म्हणून दुसरी ट्यूब आणली, मग तिसरी. चार महिन्यांत गजकर्ण कमरेवरून पोटापर्यंत चढले आणि जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर व्रण उमटले, ते आजही तसेच आहेत. त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूब पाहून सांगितले, की गजकर्ण बुरशीमुळे होते आणि तिच्यात बुरशीवरच्या औषधासोबत तीव्र स्टिरॉइड होते. स्टिरॉइडमुळे लाली आणि खाज दबते, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते. बुरशी वाढत राहते आणि चट्ट्याची कडा पुसट झाल्याने पुढच्या डॉक्टरांनाही गजकर्ण चटकन ओळखता येत नाही. त्वचेवर लावायच्या 14 स्टिरॉइडांचा समावेश केंद्र सरकारने 2018 साली 'शेड्यूल एच'मध्ये केला, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. आपल्या वृत्तात याबद्दल एक ओळही नसावी?

खरजेविषयी तर आपण 'घाणीमुळे होणारा रोग' असेच लिहिले आहे. खरूज त्वचेत शिरणाऱ्या सूक्ष्म किडीमुळे होते आणि अंगाला अंग लागून पसरते. ती स्वच्छ घरातही शिरते. घरातील सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच वेळी औषध लावले नाही, तर ती पुन्हा फिरून येते. आमच्या शेजारच्या कुटुंबाने 'घाणेरडे' म्हणवून घेण्याच्या भीतीने ही गोष्ट लपवली आणि एकट्या धाकट्या मुलीलाच गुपचूप औषध लावले. ती पोर तीन आठवडे शाळेला गेली नाही. हा खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे छापावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर